नंबर काढला म्हणजे डोळे तपासले नव्हेत

"डोळे तपासलेत का?" असं कोणालाही विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं. "हो तर, गेल्या दिवाळीतच नंबर काढला. वाढलेला नाही."

या उत्तरात काय गडबड आहे ते सांगायला या वीकेंडचा लेख. विषय जरा रुक्ष आहे, पण आपण सगळे दिवसाचे दहा-बारा तास ज्या दोन अवयवांच्या जिवावर पगार घेतो त्यांच्याबद्दल आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

नंबर काढताना नेमकं काय होतं? हनुवटी एका मशिनवर टेकवायची. आत एक सरळसोट रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, तो धूसर होतो, परत स्पष्ट होतो. मग भिंतीवरची अक्षरं वाचायची. "हे बरं की ते बरं?" "परत दाखवा.." झालं. यातून कळतं ते इतकंच, की बाहेरून येणारा प्रकाश पडद्यावर बरोबर जागी एकवटतोय का आणि नसेल तर कोणती काच लावली की एकवटेल. हा सगळा भिंगांचा हिशेब. ज्या पडद्यावर तो प्रकाश पडतो, तो पडदा धड आहे का, हा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही. शिवाय अक्षरं वाचताना आपण पडद्याच्या मधोमध असलेला जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा वापरतो. बाकीच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असोत, भोक असो, कडेनं तो सुटत आलेला असो.. तो खळगा शाबूत असेपर्यंत माणूस शेवटची ओळ खडाखडा वाचतो. सिक्स बाय सिक्स!

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर होमपेज उघडतंय म्हणून सर्व्हर ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट दिल्यासारखं हे आहे.

माझं म्हणणं असं आहे, की डोळ्याचं काही बिघडलंय का हे आपण दुखण्यावरून ठरवतो, आणि डोळ्याच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी फसवं आहे. डोळ्याची पुढची काच म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, रक्तवाहिनी एकही नाही (असती तर आरपार दिसलं नसतं), पण चेतातंतू इतके दाट की शरीरात दुसरीकडे कुठे तेवढे नाहीत. म्हणून तर धुळीचा एक कण गेला तरी माणूस रस्त्यात गाडी थांबवून उभा राहतो. याउलट मागचा पडदा, म्हणजे रेटिना. यात प्रकाश ओळखणाऱ्या बारा कोटींच्या वर पेशी आणि तिथून मेंदूकडे जाणारे तंतू फक्त दहा-बारा लाख. म्हणजे शंभराला एक या प्रमाणात कॉम्प्रेशन तिथल्या तिथे होतं! इतकं प्रगत यंत्र, पण दुखलं हे सांगायची सोय शून्य. रेटिनाला वेदनेचे तंतूच नाहीत. ती भाजली, फाटली, तिच्यातून रक्त गळलं तरी आपल्याला कळत नाही.

म्हणजे एक भाग क्षुल्लक कारणावरून बोंब मारणारा आणि दुसरा मरेपर्यंत गप्प बसणारा. जो बोंब मारतो त्याच्यात आपण मेडिकलमधून आणून काहीतरी ओततो आणि जो गप्प असतो त्याच्याकडे बघतच नाही. दोन्ही चूक.

आधी बोंब मारणाऱ्याबद्दल.

२०२३ च्या पावसाळ्यात पुण्यात आणि राज्यभर डोळ्यांची साथ आली होती ते आठवत असेल. निम्मी कॉलनी काळे गॉगल लावून फिरत होती. 'डोळे येणे' हा आपल्याकडे इतका घरगुती आजार आहे, की त्याला डॉक्टर लागतो हेच कोणाला पटत नाही. गंमत म्हणजे या साथींना नावंही मजेशीर पडतात. १९६९ साली घानामध्ये अशीच मोठी साथ आली, तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरायच्या बेतात होता, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो ११' म्हणायला सुरुवात केली. १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांचे लोंढे येत असताना डोळे आले, तर त्याचं नाव 'जय बांगला'. आजही तिकडचे म्हातारे लोक तेच नाव वापरतात म्हणे.

अशा साथी बहुतेक वेळा विषाणूच्या असतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे, थंड पाण्याच्या घड्या ठेवणे आणि आठवडा-दोन आठवडे धीर धरणे, एवढीच 'ट्रीटमेंट'. पण धीर धरायचा म्हणजे काय? सोमवारी क्लायंटचा डेमो असतो. मग आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या." तो पाठीमागच्या ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढतो, वीस-तीस-चाळीस रुपयांची. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. वा! मेडिकलवाला डॉक्टरपेक्षा हुशार!

त्या बाटलीवरचं बारीक अक्षर एकदा वाचा. अँटिबायोटिकच्या जोडीला पुष्कळदा 'डेक्सामेथासोन' किंवा तसंच काही लिहिलेलं असतं. ते स्टिरॉइड. लाली, सूज, खाज या शरीराच्या प्रतिकाराच्या खुणा असतात. स्टिरॉइड तो प्रतिकारच दाबतं. म्हणजे अलार्मची वायर कापायची आणि आग विझली म्हणायचं. डोळे नुसतेच आले असतील तर बरेचदा निभावून जातं. पण ती लाली हर्पीसच्या विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे असेल, तर स्टिरॉइड म्हणजे त्या जंतूला मोकळं रान. कॉर्नियावर जखम होते, ती खोल जाते, बरी झाली तरी पांढरा डाग राहतो. आपल्याकडे म्हणतात ना, "डोळ्यात फूल पडलं", तेच ते.

बुरशीची जखम हा तर आपल्या शेतीचा आजार. उसाचं पातं, भाताची लोंबी, मळणीचा भुसा डोळ्याला लागतो आणि त्याबरोबर बुरशी आत जाते. सुरुवातीला ती साध्या लाल डोळ्यासारखीच दिसते. यावरचं नॅटामायसिन हे औषध जुनं आहे. मध्यंतरी व्होरिकोनॅझोल नावाचं नवं औषध आलं तेव्हा ते सरस असेल अशी अनेकांची अपेक्षा होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानं त्याची रीतसर तुलना झाली. २०१३ साली निकाल आला, तर जुनं नॅटामायसिनच भारी निघालं. ज्या देशात हा आजार सगळ्यात जास्त आहे त्याच देशात त्याची चाचणी झाली, हे मला फार आवडलं. पण हे औषध द्यायचं की नाही हे ठरवायला आधी जखमेचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मेडिकलच्या काउंटरवर ते कसं होणार?

आणि समजा काहीच संसर्ग नाही, नुसती ॲलर्जीची खाज आहे. तरी स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने टाकत राहिलं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू होतो. त्यात जी नजर जाते ती परत येत नाही, आणि तीही न दुखता जाते. शाळेतल्या मुलांचे डोळे उन्हाळ्यात खाजतात म्हणून आया हीच बाटली दरवर्षी परत आणतात, हे मी आमच्याच सोसायटीत बघतो. कागदोपत्री ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदोपत्री तर सिग्नल तोडताही येत नाही म्हणा..

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा परिच्छेद, कारण आमच्या मजल्यावर अशी पाच-सहा तरी मंडळी आहेत. लेन्स नळाच्या पाण्यानं धुऊ नका. बिसलेरीनंही नको. पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय प्राणी असू शकतो, तो लेन्सखाली कॉर्नियावर बसला की उपचार महिनोन् महिने चालतात आणि वेदना भयंकर असतात. आणि रात्री लेन्स काढून झोपा. नाईट शिफ्टवरून आल्यावर 'पाच मिनिटं पडतो' म्हणून सकाळपर्यंत झोपणं हेसुद्धा त्यातच आलं.

आता ब्लू लाइट चष्मा. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी हा घेतलाय. दुकानदार निळा टॉर्च मारून दाखवतो, किरण अडतात, आपण खूश होतो आणि हजार-दोन हजार जास्त देतो. २०२३ साली कॉक्रेननं यावरच्या उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचेच्या तुलनेत स्क्रीनमुळे होणारा डोळ्यांचा थकवा या चष्म्यानं कमी होतो, असं त्यात काही दिसलं नाही. स्क्रीनपुढे डोळे चुरचुरतात याचं मुख्य कारण साधं आहे, आपण पापण्या मिटवायला विसरतो. एरवीपेक्षा कितीतरी कमी वेळा मिटवतो. त्यात वर एसीचा झोत. डोळ्यावरचा पाण्याचा थर वाळतो आणि ती कुरकुरी काच बोंब मारते. एसीचं तोंड फिरवा, मॉनिटर जरा खाली घ्या, अधूनमधून खिडकीबाहेर बघा. फुकट आहे.

पण माझा राग चष्म्यावर नाही. राग यावर आहे की डोळ्यांसाठी म्हणून आपण जेवढा पैसा आणि वेळ काढतो, तो सगळा या पुढच्या अर्ध्या मिलिमीटरवर खर्च होतो.

मागचा पडदा काय करतो ते मला मामांमुळे कळलं.

माझे मामा सांगलीकडचे. वय छप्पन्न. नोकरी साखर कारखान्यात आणि डायबेटिस चौदा वर्षांचा (हा विनोद त्यांनी स्वतःच इतक्या वेळा केलाय की आता कोणी हसत नाही). माणूस शिस्तीचा. गोळ्या वेळेवर, सकाळी चालणं, आणि दरवर्षी न चुकता चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासणं. दरवर्षी उत्तर तेच, "काका, नंबर आहे तोच आहे." एका सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्यासमोर काळा दोरा तरंगायला लागला. त्यांना वाटलं केस आलाय. संध्याकाळपर्यंत त्या दोऱ्याचं जाळं झालं आणि दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा उजव्या डोळ्यानं खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं.

पुण्याला आणलं. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत बघितलं आणि म्हणाले, "हे आज झालेलं नाही. पाच-सात वर्षं चाललंय." मामा बिचारे परत परत तेच म्हणत होते, "अहो पण कधीच दुखलं नाही हो. जरासुद्धा नाही." डॉक्टर म्हणाले, "दुखलं असतं तर तुम्ही पाच वर्षांपूर्वीच आला असतात."

झालं काय होतं? रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही ठिकाणी फुगे येतात, काही ठिकाणी गळती लागते. गळती मधल्या खळग्याजवळ असेल तर तिथे सूज येते आणि वाचायला त्रास होतो. दुसरीकडे काही वाहिन्या बंदच पडतात. पडद्याच्या त्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो. तो भाग मग 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतो, ज्याचा अर्थ 'इकडे नवीन लाइन टाका'. एखाद्या वस्तीचं पाणी तोडल्यावर लोक रातोरात जशा चोरलाइनी ओढतात, तशा नव्या वाहिन्या उगवतात. कच्च्या, वेड्यावाकड्या, नको त्या जागी. एक दिवस त्यातली एखादी फुटते आणि डोळ्याच्या आतल्या पारदर्शक जेलीत रक्त पसरतं. तो काळा दोरा म्हणजे ते रक्त. आणि हे सगळं होईपर्यंत, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, नंबर आहे तोच!

उपचारांची गोष्ट इंजिनियरला भुरळ घालणारी आहे, त्यामुळे थोडं विषयांतर सहन करा.

१९४५ च्या जुलैमध्ये सूर्यग्रहण झालं. जर्मनीत एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं ते उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि त्याचा पडदा भाजला. गेर्ड मायर-श्विकराथ या डॉक्टरनं तो डाग बघितला आणि त्याला वाटलं, भाजल्यावर जर असा पक्का डाग पडतो, तर सुटू पाहणारा पडदा याच डागानं चिकटवता येईल की! त्यानं आधी चक्क सूर्यप्रकाश आरशांनी वळवून डोळ्यात सोडला, मग झेनॉनचा दिवा वापरला. पुढे १९६० च्या दशकात लेसर आला. डायबेटिसमध्ये हाच लेसर वेगळ्या डोक्यानं वापरतात. पडद्याचा कडेचा भाग शेकडो बारीक डाग देऊन मुद्दाम निकामी करायचा, म्हणजे ऑक्सिजनची मागणी कमी होते, चोरलाइनी सुकतात आणि मधला खळगा वाचतो. शुद्ध मराठीत लोडशेडिंग! बाजूचं आणि रात्रीचं थोडं कमी दिसतं, पण वाचता येतं. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, की यामुळे नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणजे हा उपाय माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध आहे. अट एकच, वेळेत कोणीतरी आत डोकावून बघितलं पाहिजे.

दुसरा उपाय इंजेक्शनचा. व्हीईजीएफ हे प्रथिन जेनेन्टेक कंपनीतल्या नेपोलियोन फेरारा या संशोधकानं १९८९ साली वेगळं काढलं. त्याला अडवणारं 'अवास्टिन' २००४ साली आतड्याच्या कॅन्सरसाठी बाजारात आलं. त्याच कंपनीनं डोळ्यासाठी त्याचंच जवळचं भावंड 'ल्युसेंटिस' बनवलं. ते येईपर्यंत २००५ साली मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड या डॉक्टरनं विचार केला, तोवर कॅन्सरच्या औषधाचा थेंबभर डोळ्यात देऊन बघू. चाललं! २००६ मध्ये ल्युसेंटिस आलं तेव्हा अमेरिकेत एका डोसची किंमत सुमारे दोन हजार डॉलर, आणि अवास्टिनची बाटली वाटून घेतली तर सुमारे पन्नास. दोन्हींची तुलना करायला कंपनी पुढे येणार नव्हतीच. शेवटी तिकडच्या सरकारी संस्थेच्या पैशानं चाचणी झाली आणि २०११ मध्ये निकाल लागला. म्हातारपणी पडद्याखाली वाहिन्या वाढण्याच्या आजारात नजर सुधारायला दोन्ही सारखीच. डायबेटिसच्या सुजेबद्दल २०१५ ची चाचणी जरा सावध आहे. नजर थोडीच कमी झाली असेल तर स्वस्त-महाग सगळी सारखी, जास्त गेली असेल तर तिसरं एक महाग औषध सरस ठरलं.

तरी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये डोळ्यासाठीचं अवास्टिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्याकडे २०१६ साली गुजरातेत अशा इंजेक्शननंतर काही रुग्णांच्या डोळ्यांना सूज आली, तेव्हा औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातल्या वापरावर बंदी घातली आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर ती त्याच वर्षी उठवली. धोका खरा आहे. एका बाटलीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणात कसूर झाली तर डोळाच जातो. पण महिन्या-दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं असतं तेव्हा किंमत हाही उपचाराचाच भाग असतो. दोन डोस घेऊन पैसे नाहीत म्हणून तिसरा चुकवणारे लोक मामांच्या रांगेत मी पाहिलेत. त्यामुळे पहिल्याच भेटीत "स्वस्त पर्याय कोणता आणि माझ्या केसमध्ये तो चालेल का" हे डॉक्टरांना विचारण्यात लाज वाटायचं कारण नाही.

मामांच्या उजव्या डोळ्याला इंजेक्शनं, लेसर आणि शेवटी आतलं रक्त काढायचं ऑपरेशन, सगळं झालं. आता त्या डोळ्यानं पेपरचे मथळे वाचतात. डाव्या डोळ्यातही चोरलाइनी सुरू झाल्या होत्या, पण तिथे लेसर वेळेत पडला. त्याच डोळ्यावर ते आज स्कूटर चालवतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे डायबेटिस आहे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशातला आकडा दहा कोटींच्या वर निघाला. दहा राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात चाळिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, ती २०२२ मध्ये छापून आली. डायबेटिस असलेल्यांपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यात बिघाड होता आणि ४ टक्के लोकांची नजर जायच्या पातळीवर होती. त्यामुळे तुम्हाला नसेल, तर आईला असेल, काकांना असेल. फोन करून एवढंच विचारा, "पडदा कधी तपासला?" आणि "नंबर काढला" हे उत्तर धरू नका.

आणि मायनस सहा-सात नंबरवाल्या माझ्या बांधवांनो, तुम्ही तर सुटतच नाही. मोठा मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळाच लांब. सर्वसाधारण डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास असतो, सहाच्या नंबरला दोनेक मिलिमीटर जास्त. पडदा तेवढाच, त्यामुळे तो ताणला जातो, कडेला विरतो, कधी भोक पडतं आणि त्यातून पाणी शिरून पडदा सुटतो. लग्नाआधी लेसिक करून चष्मा घालवायची आपल्याकडे पद्धतच आहे. हरकत काहीच नाही. पण लेसिक पुढच्या काचेला आकार देतं, मागचा ताणलेला पडदा होता तसाच राहतो. चांगले डॉक्टर ऑपरेशनआधी तो तपासतात. गोम नंतर आहे. चष्मा गेला, की माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे परत म्हणून जात नाही.

अचानक वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूनं सावली चढायला लागली, तर रिलीज असो की लग्न, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्युल गोनँ यांनी भोक बंद केलं की पडदा परत बसतो हे दाखवून देईपर्यंत सुटलेला पडदा म्हणजे गेलेला डोळा, असाच हिशेब होता. आज तो बहुतेक वेळा परत बसवता येतो, पण मधला खळगा सुटायच्या आत आणि नंतर पोचणं यात फार फरक पडतो.

आमच्या कट्ट्यावर हा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, "एआय करेल ना!" अर्धं खरं आहे. २०१६ साली गुगलच्या टीमनं अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाबरोबर दाखवलं, की पडद्याच्या फोटोवरून मशीन डायबेटिसचा बिघाड डॉक्टरांच्या तोडीनं ओळखतं. मग तेच थायलंडमधल्या अकरा दवाखान्यांत नेलं. खोलीत पुरेसा अंधार नाही, नेट हळू, फोटो अस्पष्ट.. पाचातला एक फोटो मशीननं नाकारला, असं २०२० च्या त्यांच्याच अहवालात आहे. 'माझ्या मशिनवर तर चालतंय' हे आपलं आवडतं वाक्य! मुंबईत मात्र महापालिकेच्या दवाखान्यांत फोनवरचा कॅमेरा आणि नेटशिवाय फोनवरच चालणारं सॉफ्टवेअर घेऊन प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. दोनशेच्या वर रुग्णांत, पुढे पाठवायलाच हवेत असे सगळेच्या सगळे त्यानं पकडले. आकडा लहान आहे, पण दिशा मला बरोबर वाटते. फोटोचा प्रश्न सुटत आलाय. फोटोत दोष दिसल्यावर त्या माणसाला कामाचा दिवस बुडवून पडद्याच्या डॉक्टरपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न कोडचा नाहीच.

आपल्या हातात आहे ते करू. दरवर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये डोळ्यांच्या नावाखाली तक्ता वाचून घेतात आणि रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायला लावतात. एचआरला मेल टाका, की डायबेटिस असलेल्यांसाठी आणि सहाच्या पुढच्या नंबरवाल्यांसाठी पडद्याचा फोटो त्यात घाला. सरसकट सगळ्यांसाठी मी मागत नाहीये. पंचविशीतल्या, नंबर नसलेल्या, साखर नसलेल्या माणसाला त्याची दरवर्षी गरज नाही, उगाच पॅकेज फुगेल. ज्यांना टाइप टू डायबेटिस आहे त्यांनी तो निघाल्याबरोबर आणि मग साधारण दरवर्षी. टाइप वन असेल तर पहिल्या पाच वर्षांत सुरुवात. डायबेटिस असताना दिवस गेले असतील तर लवकर. घरात कोणाचा पडदा सुटला असेल, तर चष्मा नसला तरी एकदा.

तपासणी दुखत नाही. थेंब टाकतात, अर्धा तास डोळे मिटून बसवतात, मग डोक्याला दिवा लावलेले डॉक्टर "वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा" करतात. त्यानंतर चार-पाच तास जवळचं अक्षर लागत नाही आणि ऊन बोचतं. म्हणून बाईक नेऊ नका, कोणालातरी बरोबर घ्या, गॉगल न्या. शनिवारी सकाळची वेळ मिळाली तर उत्तम. त्या दुपारी फोनही वाचता येत नाही, तेव्हा टीमला आधीच सांगून ठेवा.